मुक्यांचे संपादक : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

आपल्या निवासी शाळेच्या वंदनागृहात तथागतांच्या मूर्तीशेजारी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर आहे. अंगात निळा कोट, हाती संविधानाचा ग्रंथ. या तसबिरीपुढे त्रिशरण-पंचशील म्हणत येथील विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या बाहेर पडल्या. संविधानाचे शिल्पकार आणि धम्मदीक्षा देणारे महामानव म्हणून आपण सारे त्यांना ओळखतो. परंतु १९२० पासून १९५६ पर्यंत, मध्ये खंड पडत का होईना, पाच वृत्तपत्रे चालविणारे संपादक म्हणून त्यांचे स्मरण क्वचितच केले जाते. ज्या प्रदेशात खरे लिहिणाऱ्याला आजही दोन्ही बाजूंकडे पाहून लिहावे लागते, त्या अहेरीच्या मातीत हे स्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सुभेदार यांनी वाचनाची गोडी लावली. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली बडोद्यास नोकरीसाठी परतल्यावर एवढ्या विद्वान माणसाला राहावयास घर मिळाले नाही आणि पारशी वसतिगृहातून अपमानित होऊन बाहेर पडावे लागले. अस्पृश्यांच्या वाट्याला येणारे असे अपमान त्या काळच्या प्रस्थापित वृत्तपत्रांच्या रकान्यांत क्वचितच उमटत. जानेवारी १९१९ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांनी स्वराज्याच्या प्रश्नावर एक पत्र लिहिले. त्याखाली स्वतःचे नाव न घालता एक महार एवढीच ओळख दिली. दुसऱ्याच्या वृत्तपत्रात उसनी जागा मागून आपल्या समाजाचे दुःख पुरतेपणी मांडता येणार नाही, हे त्यांनी लवकरच ओळखले.

त्यांच्या आधी या वाटेवर चालणारे होते. शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्यास ‘सोमवंशीय मित्र’ चालविले. आपल्या विदर्भात नागपूरच्या किसन फागूजी बनसोडे यांनी ‘निराश्रित हिंद नागरिक’ आणि ‘मजूर पत्रिका’ यांसारखी पत्रे काढण्याचा अथक प्रयत्न केला. पैशावाचून ही पत्रे टिकली नाहीत, पण वाट मळली. त्याच वाटेवर ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत ‘मूकनायक’ हे पाक्षिक जन्मास आले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. बाबासाहेब तेव्हा सिडनॅम कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणून संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी समाजाला आगबोटीची उपमा दिली. एका उतारूने दुसऱ्याच्या जागी छिद्र पाडले, तर बुडताना छिद्र पाडणाराही वाचत नाही, असा त्यांचा आशय होता. विशिष्ट जातीचेच हित पाहणाऱ्या वृत्तपत्रांना दिलेला हा इशारा होता.

या पत्राची जाहिरात ‘केसरी’ने पैसे देऊ केले असतानाही छापली नाही. त्या काळी लेखणीला सरकारचे भय किती होते, हे ‘केसरी’पेक्षा अधिक कोणास ठाऊक असणार? लोकमान्य टिळकांना लेखांपायी १८९७ साली दीड वर्षाची आणि १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली होती. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनाही त्याच वर्षी तुरुंगात जावे लागले. त्या त्यागाविषयी आमच्या मनात आदर आहे. परंतु सरकारी बंदीविरुद्ध लढणाऱ्या पत्राच्या दारातही मुक्या समाजाला जागा नव्हती, हेही इतिहासात नोंदलेले आहे. सरकार छापखान्याला कुलूप लावते, समाज मात्र कुलूप न लावताही आवाज बंद करू शकतो. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा हा दुसरा अर्थ महाराष्ट्राला बाबासाहेबांच्या पत्रकारितेने शिकविला.

जुलै १९२० मध्ये ते उच्च शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ साली ‘मूकनायक’ बंद पडले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला आणि दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ निघाले. सत्याग्रहींवर झालेले हल्ले आणि त्यानंतर उठलेले टीकेचे काहूर यांस उत्तर द्यावयास स्वतःचे पत्र हवेच होते. दिवसा वकिली व समाजकार्य आणि रात्री लेखन, असा तो क्रम होता. पुष्कळ अंकांचे बहुतेक रकाने त्यांनी एकट्याने लिहून काढले. वर्गणीदार थोडे, त्यांतही वर्गणी थकविणारे अनेक. शेवटी १९२९ साली हेही पत्र थांबले. ते ना सरकारने बंद केले, ना विरोधकांनी. वाचकांची वर्गणी वेळेवर येती, तर ते कदाचित आणखी चालले असते. जन्माला आलेल्या समाजपत्राला जगविण्याची जबाबदारी वाचकाचीही असते, ही गोष्ट आपल्या समाजाने मनाशी बाळगली पाहिजे.

तरीही बाबासाहेब थांबले नाहीत. १९२८ साली ‘समता’ निघाले होते, २४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’ सुरू झाले. तो काळ अध्यादेशांचा होता. इंग्रज सरकार छापखान्यांकडून अनामत रक्कम मागे आणि आक्षेपार्ह मजकूर आढळल्यास ती जप्त करी. १९३१ साली या अधिकारांचा स्वतंत्र कायदाच झाला. गरिबांच्या पत्राला अशी एक जप्तीही पुरेशी होती. अशा काळात ‘जनता’ पंचवीस वर्षे टिकले.

लेखणीसाठी ते न्यायालयातही उभे राहिले. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेवरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे प्रभृतींना शिक्षा झाली, तेव्हा १९२६ साली पुण्यात अपिलात बाबासाहेबांनी त्यांची बाजू मांडली आणि ते सुटले. पुस्तिकेची भाषा अत्यंत कडवट होती. पण कडवट भाषेच्या लेखकालाही कायद्याचे पूर्ण संरक्षण मिळाले पाहिजे, एवढे त्या वकिलीने सिद्ध केले. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हाही बाबासाहेब त्यांच्या बाजूने उभे राहिले. तो खटला ते हरले आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. ज्या विषयाचे नाव घ्यावयासही समाज लाजत होता, त्याविषयी शास्त्रीय भूमिकेतून लिहिणाऱ्याचा हक्क त्यांनी आपला मानला, यातच त्यांचे मोठेपण दिसते.

वृत्तपत्रांविषयी त्यांचे मन आंधळे मात्र नव्हते. जानेवारी १९४३ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीनिमित्त पुण्यात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी पत्रकारितेचा धंदा झाल्याची आणि पुढाऱ्यांच्या आरत्या ओवाळण्यात वृत्तपत्रे रमल्याची खरमरीत टीका केली. हुकूमशहा केवळ बंदुकीच्या बळावर उभा राहत नाही. प्रश्न विचारणे सोडून दिलेली वृत्तपत्रे त्याच्यासाठी आधीच जागा करून ठेवतात. त्या टीकेतून आम्ही हा बोध घेतो.

संविधान लिहिताना भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य एकोणिसाव्या अनुच्छेदात आले, परंतु वृत्तपत्रांचा स्वतंत्र उल्लेख झाला नाही. त्यावर डिसेंबर १९४८ मध्ये बाबासाहेबांनी संविधान सभेत सांगितले, की वृत्तपत्राला सामान्य नागरिकाहून वेगळा हक्क नसतो. संपादकही नागरिकच असतो. हे ऐकून काहींची निराशा झाली असेल. आम्हांस मात्र त्यात मूकनायकाच्या संपादकाची दृष्टी दिसते. जो हक्क मुंबईच्या मोठ्या दैनिकाचा, तोच दुर्गम पाड्यावरच्या अडाणी आईचा.

येथे एक कठीण पान लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने ‘क्रॉस रोड्स’ व ‘ऑर्गनायझर’ या दोन पत्रांवरील सरकारी निर्बंध रद्द केले. ही पत्रे परस्परविरोधी विचारांची होती, तरी हक्क दोघांचाही एकच ठरला. त्यानंतर १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती होऊन अभिव्यक्तीवरील निर्बंधांची कक्षा वाढली. कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी या दुरुस्तीचे समर्थन केले. निर्बंधांमागे ‘वाजवी’ हा शब्द याच दुरुस्तीने आला आणि निर्बंध वाजवी आहे की नाही, हे तपासण्याचा अधिकार न्यायालयांना राहिला. तरीही वाढलेल्या निर्बंधांचा भार पुढील पिढ्यांतील लिहिणाऱ्यांवर पडला, हे नाकारता येत नाही. ज्यांना आपण वंदन करतो त्यांचाही निर्णय तपासून पाहावा, ही व्यक्तिपूजा नाकारणाऱ्या बाबासाहेबांचीच शिकवण आहे.

त्याच वर्षी नियतीने त्यांना विलक्षण अनुभव दिला. मंत्रिपदाच्या राजीनाम्याचे निवेदन करावयास ते ऑक्टोबर १९५१ मध्ये संसदेत उभे राहिले असता, त्यांच्याकडे निवेदनाची प्रत आगाऊ मागण्यात आली. ही पूर्वतपासणी त्यांनी मान्य केली नाही. ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वृत्तपत्रांच्या स्वाधीन केले. संसदेत न उच्चारलेले शब्द वृत्तपत्रांतून देशापर्यंत पोचले.

४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘जनता’चे नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले. मुका, बहिष्कृत, समतेचा आग्रही, जनता आणि शेवटी प्रबुद्ध, असा एका समाजाचा प्रवास त्या पाच नावांतच आहे. १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि १६ ऑक्टोबरला बाबासाहेब आपल्या चांद्यास आले. अहेरी तेव्हा चांदा जिल्ह्यातच होती. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबर रोजी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी केवळ ऐकले म्हणून वा ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका, असा उपदेश केला होता. प्रबुद्ध वाचक तयार करणाऱ्या पत्राला याहून योग्य पाया कोणता?

त्यांच्या पश्चात २१ महिन्यांसाठी देशाने आणीबाणी पाहिली आणि छापण्यापूर्वी मजकूर सरकारला दाखवावा लागला. आमच्या वाटेवर, इंद्रावतीपलीकडील बिजापूर जिल्ह्यात, साई रेड्डी या पत्रकाराला २००८ साली नक्षल्यांशी संबंधाच्या संशयावरून तुरुंगात टाकण्यात आले आणि २०१३ साली नक्षल्यांनीच त्यांची हत्या केली. त्याच जिल्ह्यात रस्त्याच्या कामातील गैरव्यवहार उजेडात आणणारे मुकेश चंद्राकर जानेवारी २०२५ मध्ये मृतावस्थेत सापडले. जंगलातल्या बातमीची किंमत अशी असते. ती वाचणाऱ्या आम्हां-तुम्हांस फक्त अंकाचे पैसे मोजावे लागतात.

शेवटी घरचीच एक गोष्ट. आपल्या शाळेच्या भित्तिपत्रकात एका मुलीने वसतिगृहाच्या पाण्याविषयी तक्रार लिहिली होती. ते पान पाहुणे येण्यापूर्वी उतरवावे, असा विचार प्रथम आमच्याच मनात आला, हे कबूल केले पाहिजे. मग वंदनागृहातील तसबिरीकडे पाहवेना. पान तसेच राहू दिले. पाहुण्यांनी ते वाचले आणि पुढच्या आठवड्यात टाकी धुऊन झाली. त्या मुलीने नंतरच्या अंकात तेही लिहिले.