डॉ. भीमराव रामजी आंबेडकर आणि सोलापूरचे बोर्डिंग

आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले शिक्षणासाठी गाव सोडून सोलापुरास राहतात, त्यांस परक्या शहरात मुलाच्या निवाऱ्याची काळजी कशी असते हे सांगणे नलगे. फी कशीबशी भरता येते, पुस्तके मागून मिळतात. परंतु रात्री मुलाने पाठ कोठे टेकावी व भाकरी कोणाच्या घरी खावी, हा प्रश्न उरतोच. सुमारे शंभर वर्षांपूर्वी ह्याच सोलापूर शहरात एका थोर पुरुषाने हा प्रश्न हाती घेतला. ते पुरुष म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. राज्यघटनेच्या संबंधाने त्यांचे नाव लहानथोरांस ठाऊक आहे. शाळा-कॉलेजांच्या आवारात त्यांनी स्वतः काय सोसले, व पुढे त्याच आवारांसाठी त्यांनी काय केले, हे मात्र तितकेसे ठाऊक नाही. म्हणून त्यांच्या चरित्रातील तेवढाच भाग आज वाचकांपुढे ठेवतो.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. त्यांचे वडील रामजी सकपाळ हे पलटणीत सुभेदार असून कबीरपंथी होते. घरी भजन व अभ्यास ह्या दोहोंस सारखाच मान असे. पुढे हे कुटुंब साताऱ्यास राहावयास आले. तेथील शाळेत ह्या मुलाचे नाव दाखल झाले खरे, पण त्याची जागा इतर मुलांपासून निराळी असे. बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा त्याने घरून आणावा व संध्याकाळी परत न्यावा. कारण वर्ग झाडणारा नोकर त्या तुकड्यास हात लावीत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडावा तेव्हाच पाणी मिळे. शिपाई नसला की पाणी नाही. महार ज्ञातीतील मुलाने नळास शिवू नये, असा त्या काळचा दंडक होता.

मुंबईस आल्यावर त्यांस एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातले. ती सरकारी शाळा. तेथे जातीवरून मज्जाव नव्हता. तरीपण एके दिवशी शिक्षकांनी त्यांस फळ्याशी बोलाविले, तेव्हा वर्गात एकच गडबड उडाली. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेविलेले होते. भीमराव फळ्याजवळ पोहोचण्याच्या आत मुलांनी धावत जाऊन ते डबे बाजूस केले. संस्कृत शिकण्याची त्यांची फार इच्छा होती, तीही तेथे पुरी झाली नाही. फारसी घ्यावी लागली. असे असता १९०७ साली ते मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाच्या विद्वान गृहस्थांनी ह्या मुलाची हुशारी हेरून त्याचा हात धरिला. बडोद्याचे सयाजीराव महाराज ह्यांजकडून त्यास दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, आणि कॉलेजचा मार्ग मोकळा झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक म्युलर पुस्तके देत, कपडेही देत. पण तेथील उपाहारगृहाचा चालक ह्या विद्यार्थ्यास चहा तर राहोच, पाणीही देत नसे.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. सरकारने दार उघडिले होते, हजेरीपटावर नाव होते, परीक्षेत गुणही इतरांप्रमाणेच मिळत. तरी त्या आवारात हा मुलगा कोणाचा नव्हता. दाराच्या आत येऊ देणे आणि आपल्यात घेणे ह्यांतील अंतर भीमरावांस पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९१३ साली ते महाराजांच्याच साहाय्याने अमेरिकेस गेले व न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे सेलिग्मन व ड्युई ह्यांच्यासारखे अध्यापक त्यांस लाभले. १९१५ साली ते एम. ए. झाले आणि १९१६ साली लंडनास गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांस परत यावे लागले. ह्या चार वर्षांत कोणी त्यांचा विटाळ मानिला नाही. आपण अस्पृश्य आहोत ही गोष्टच आपण विसरून गेलो होतो, असे त्यांनी मागाहून लिहून ठेविले आहे.

बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यासाठी ते आगगाडीने आले, आणि स्टेशनावरच मुक्कामाचा प्रश्न उभा राहिला. हिंदूंच्या खानावळीत जागा मिळण्याची आशा नव्हती. नाव बदलून ते पारशांच्या एका धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी गृहस्थ काठ्या घेऊन आले, व त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास सांगितले. शहरात त्यांचे दोन मित्र होते. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला की, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला की, माझी पत्नी उद्या यावयाची आहे, तिला विचारून सांगतो. हे कुटुंब मूळचे ब्राह्मण होते. पतीचे विचार धर्मांतराने पालटले होते, पण पत्नीचे सोवळे सुटले नव्हते, व तो नकार कोठून आला हे आंबेडकरांस पुढे कळले. परदेशच्या विद्यापीठाची पदवी मिळविलेला तो तरुण रात्रीची गाडी येईपर्यंत कामाठीबागेत बसून राहिला आणि मुंबईस परतला.

धर्मशिक्षणाच्या शाळेत असताना मी ही हकीकत प्रथम वाचली, तेव्हा पारशांच्या काठ्यांपेक्षा आमच्या त्या ख्रिस्ती बंधूच्या गोड उत्तराने मला अधिक लाज वाटली. काठी दिसते तरी. गेल्या वर्षी आमच्या मंडळीतील एका उपदेशकाचा मुलगा कॉलेजसाठी शहरात खोली पाहत हिंडत होता. तीन घरी त्यास प्रथम आडनाव विचारले, आणि नंतर खोली कालच दिली असे सांगितले. त्या तिघांपैकी एक आमच्याच प्रार्थनामंदिरात येणारे आहेत.

१९१८ च्या नोव्हेंबरात आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचे व्याख्यान ऐकावयास दुसऱ्या कॉलेजांचेही विद्यार्थी येत. परंतु प्राध्यापकांच्या खोलीतील घागरीचे पाणी त्यांनी घ्यावे, ह्यास त्यांच्या काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. साताऱ्याचा नळ आणि ही घागर ह्यांमध्ये वीस वर्षे व दोन खंडांतील विद्यापीठे होती. पण तहान लागलेल्यास दोन्ही ठिकाणी एकच जबाब मिळाला. १९२० साली ती नोकरी सोडून, स्वतःची शिल्लक व कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन, ते पुन्हा लंडनास गेले. तेथे डी. एस्सी. व बॅरिस्टर होऊन १९२३ साली ते स्वदेशी परत आले.

आता सोलापूरचा प्रसंग. २० जुलै १९२४ रोजी त्यांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली. अशा सभेने प्रथम मोठमोठे ठराव करावे व व्याख्याने द्यावी, अशी कोणाचीही समजूत होईल. परंतु ह्या सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरास हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य वर्गाच्या मुलांसाठी एक बोर्डिंग उघडिले. मुलांचे जेवण, कपडेलत्ते, वह्या व कागद ह्यांच्या खर्चाचा भार सभेने उचलिला. सोलापूरच्या म्युनिसिपालिटीने ४० रुपयांची मदत मंजूर केली. येथील कार्यकर्ते जिवाप्पा ऐदाळे ह्यांनी देखरेखीचे काम पत्करिले. ह्या मुलांनी सरस्वती विलास नावाचे एक मासिकही चालविले.

बोर्डिंगच का, असे कोणी विचारील. त्याचे कारण खेड्यात राहणाऱ्यास लगेच उमगेल. गावात फार तर प्राथमिक शाळा असे, हायस्कूल शहरात. शहरातील शाळेने मुलास घेतले तरी त्यास भाड्याने खोली कोणी देत नसे, खानावळीत पंगतीस कोणी बसू देत नसे. मग तो चार दिवस राही आणि पाचव्या दिवशी गावाकडे परते. लोक म्हणत, ह्या मुलांस विद्येची गोडीच नाही. मुलाच्या बुद्धीत उणे काही नव्हते. त्यास निजावयास जागा नव्हती. शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढून हीच गोष्ट अगोदर ओळखिली होती. आंबेडकरांपाशी संस्थान नव्हते, खजिना नव्हता. त्यांनी वर्गणीवर काम चालविले. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ते आपल्या लोकांसह प्याले, ते सर्वांस ठाऊक आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी शिक्षणाच्या कामासाठी दलितवर्ग शिक्षण मंडळ ही निराळी संस्था काढिली आणि मुंबई सरकारकडून ह्या विद्यार्थ्यांसाठी आणखी वसतिगृहे मंजूर करून घेतली. १९३५ च्या जूनमध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले.

त्याच वर्षी येवल्यास त्यांनी हिंदुधर्म सोडण्याचा निश्चय जाहीर केला. तेव्हापासून निरनिराळ्या धर्मांचे लोक त्यांजकडे आशेने पाहू लागले. आपलेही लोक पाहत होते. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरास ख्रिस्ती लोकांच्या सभेपुढे त्यांचे भाषण झाले. बुद्ध व ख्रिस्त ह्या दोन पुरुषांकडे आपले मन ओढले जाते, असे त्यांनी तेथे सांगितले. हे ऐकून सभेस आनंद झाला असेल. परंतु पुढे त्यांनी जे सांगितले ते गोड नव्हते. दक्षिणेकडे ख्रिस्ती देवळांतही जातिभेद पाळितात. ख्रिस्ती समाज अन्यायाविरुद्ध आपल्या बळावर आवाज उठवीत नाही. आणि महाराचा मुलगा ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती जाते, असे त्यांनी आमच्या लोकांस तोंडावर सांगितले. पाहुण्याने यजमानाच्या घरी इतके स्पष्ट बोलावे काय, असे कोणास वाटेल. मला वाटते, बडोद्याची ती रात्र ज्याने काढिली त्यास तो अधिकार होता.

शिष्यवृत्तीची गोष्ट तर आजही शिळी झालेली नाही. १९५० साली राष्ट्रपतींच्या हुकुमाने अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती ठरली. तेव्हा आंबेडकर स्वतः केंद्राचे कायदेमंत्री होते, हे लपविण्याचे कारण नाही. पुढे १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध तीत आले. ख्रिस्ती अद्यापि नाहीत. आमच्या कित्येक गावांत बाप्तिस्म्याचे नाव व शाळेतील नाव निराळे का असते, हे उपदेशकांनी मला विचारू नये; त्यांस माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

१९४२ साली आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले, तेव्हा अस्पृश्य वर्गाच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून त्यांनी खटपट करून यश मिळविले. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली, आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. दिवसा पोटासाठी राबणाऱ्यांस शिकता यावे म्हणून तेथे सकाळी वर्ग भरत. विशेष हे की, हे कॉलेज त्यांनी केवळ आपल्या लोकांसाठी राखून ठेविले नाही. सर्व जातींचे विद्यार्थी, सर्व जातींचे अध्यापक. ज्यास वेगळे बसविले होते, त्याने आपल्या घरी कोणास वेगळे बसविले नाही. १९५० साली औरंगाबादेस दुसरे कॉलेज निघाले, त्यास पुढे मिलिंद हे नाव दिले. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा, आणि त्यास उत्तरे देणारा भिक्षू नागसेन. म्हणून त्या आवारास नागसेनवन म्हणतात. तेथेही वसतिगृहे बांधिली.

राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. २९ व्या कलमाने सरकारी मदत घेणाऱ्या विद्यालयास जात, धर्म, वंश किंवा भाषा एवढ्यावरून प्रवेश नाकारण्यास मनाई केली. १९५१ साली मद्रासच्या कॉलेजांतील राखीव जागांचा वाद न्यायालयात गेला व सरकार हरले, तेव्हा घटनेची पहिली दुरुस्ती होऊन १५ व्या कलमास चौथे पोटकलम जोडिले गेले. मागासलेल्यांसाठी आज कॉलेजांत ज्या जागा राखिल्या जातात, त्या ह्या पोटकलमाच्या आधारे.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या भाषणात त्यांनी आपल्याच सुशिक्षितांविषयी खेद प्रकट केला. शिकलेली मंडळी समाजास विसरली, असा त्यांचा रोख होता. १४ ऑक्टोबरास त्यांनी नागपुरास बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीस त्यांचा अंत झाला.

औरंगाबादेस १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ निघाले. त्यास आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला, आणि मराठवाड्यात दंगे उसळले. खेडोपाडी दलितांची घरे जाळिली, माणसे मारिली. नाव लागले ते १४ जानेवारी १९९४ रोजी, साडेपंधरा वर्षांनी. तेही मराठवाडा हा शब्द पाटीवर कायम ठेवून.