एमिलचा जनक : एरिख केस्टनर

रहस्यकथा वाचणाऱ्या मुलाकडे शिक्षक आणि पालक बहुधा संशयाने पाहतात. जे पुस्तक क्रमिक पुस्तकाच्या आड दडवून वाचावे लागते ते हलकेच असले पाहिजे, असा समज सुशिक्षितांत चांगलाच रुजलेला आहे. करमणूक करणारे पुस्तक संस्कार करीत नाही आणि संस्कार करणारे पुस्तक करमणूक करीत नाही, अशी विभागणी आपण मनाशी करून ठेवली आहे. ती कितपत खरी आहे हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने जर्मन लेखक एरिख केस्टनर यांच्या चरित्राकडे वळावे. मुलांनीच चोराचा माग काढावा ही कल्पना पुढे असंख्य पुस्तकांतून वापरून गुळगुळीत झाली. परंतु ज्या थोड्या पुस्तकांनी तिला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यांत केस्टनर यांच्या १९२९ सालच्या ‘एमिल आणि गुप्तहेर’ या कादंबरीचे स्थान फार वरचे आहे.

केस्टनर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८९९ रोजी ड्रेस्डेन येथे झाला. वडील खोगिरे व चामड्याच्या वस्तू करणारे कारागीर होते. कारखानदारीच्या रेट्यात त्यांचा स्वतंत्र धंदा बुडाला आणि त्यांना रोजंदारीवर राबावे लागले. संसाराला हातभार लावण्यासाठी आईने पस्तिशी उलटल्यावर केशभूषेचे काम शिकून घेतले आणि घरातली एक खोली भाड्याने दिली. तेथे राहावयास येत ते शिक्षक. त्यांच्या सहवासात वाढलेल्या या एकुलत्या मुलाने शिक्षकच व्हावयाचे ठरविले, यात नवल नव्हते. आई मात्र मनाने खचलेली असे. कित्येकदा ती घरातून निघून जाई आणि हा लहान मुलगा भयभीत होऊन एल्बे नदीच्या पुलांवर तिचा शोध घेत धावे. आईला खोटे नाव सांगून फसविणाऱ्या एका बाईला पुढे शहरात ओळखून त्याने तिचा पाठलागही केला होता. त्यांच्या कादंबरीतील शोधाची ओढ पुस्तकी नव्हती, ती या बालपणातून आलेली होती.

१९१३ साली ते अध्यापक विद्यालयात दाखल झाले. १९१७ मध्ये सक्तीच्या लष्करी भरतीत त्यांना तोफखान्यात जावे लागले. तेथील निर्दय कवायतीने त्यांचे हृदय कायमचे दुखावले आणि लष्करशाहीविषयीची घृणाही मनात कायमची राहिली. शिक्षक होण्याचा विचार सोडून ते लाइपझिग विद्यापीठात गेले, १९२५ साली डॉक्टरेट मिळविली आणि वृत्तपत्रात नोकरी करू लागले. एका कवितेवरून उठलेल्या गदारोळात १९२७ साली ती नोकरी गेली, तेव्हा त्यांनी बर्लिन गाठले. उपरोधिक कविता आणि नाट्यपरीक्षणे यांनी त्यांचे नाव होत असतानाच एडिथ याकोबझोन या प्रकाशिकेने त्यांना मुलांसाठी लिहिण्याचे सुचविले. त्या सूचनेतून एमिल जन्मास आला.

एमिलची आई विधवा आहे आणि केशभूषेचे काम करून घर चालविते. बर्लिनच्या आजीकडे द्यावयाचे पैसे धरून एकंदर १४० मार्क ती एमिलपाशी सोपविते. मुलगा ते कोटाच्या आतील खिशात टाचणीने टाचून ठेवतो आणि आगगाडीत त्याचा डोळा लागताच सहप्रवासी ते लांबवितो. गावातल्या पुतळ्याच्या तोंडाला रंग फासल्याचे पाप मनात असल्यामुळे एमिलला पोलिसांकडे जाण्याची भीती वाटते. अशा वेळी बर्लिनच्या रस्त्यावरची अनोळखी मुले त्याच्या मदतीला येतात. कोणी टेहळणी करतो, कोणी वर्गणी गोळा करतो. धाकटा डीन्स्टाग तर सारी गंमत सोडून घरी टेलिफोनपाशी बसून राहतो. अखेरीस शंभरएक मुलांचा घोळका चोराभोवती जमतो. परंतु चोरी सिद्ध होते ती त्या गर्दीच्या जोरावर नव्हे. नोटांना टाचणीची भोके आहेत, एवढ्या लहानशा पुराव्यावर बँकेत निर्णय लागतो. यातून काय बोध घ्यावा, असे वडील माणसे विचारतात, तेव्हा आजी एवढेच सुचविते की पैसे नेहमी मनिऑर्डरने पाठवावेत. बोधाचा शोध घेणाऱ्या प्रौढांची याहून सौम्य थट्टा क्वचितच कोणी केली असेल.

मात्र या थट्टेमागील गांभीर्य चारच वर्षांनी उघड झाले. १० मे १९३३ रोजी बर्लिनच्या ऑपेरा चौकात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी पुस्तकांची होळी पेटविली. प्राध्यापक मंडळीही त्यात सामील होती. ज्यांची पुस्तके जाळली गेली त्यांत केस्टनर होते आणि स्वतः त्या गर्दीत उभे राहून ते हा प्रकार पाहत होते. एका स्त्रीने त्यांना ओळखून मोठ्याने नाव घेतल्यावर ते तेथून निघून गेले. ‘एमिल’ तेवढा बंदीतून वगळण्यात आला होता. लोकप्रियतेपुढे सत्तेलाही काही काळ नमते घ्यावे लागले. पुढे त्याच्यावरही बंदी आली.

त्यांचे अनेक स्नेही देश सोडून गेले. ‘एमिल’ची चित्रे काढणारे वाल्टर ट्रिअर हे ज्यू चित्रकार १९३६ साली इंग्लंडला गेले. केस्टनर मात्र राहिले. आईला सोडवत नव्हते आणि घडते आहे त्याचे साक्षी व्हावयाचे होते, अशी कारणे त्यांनी दिली. गेस्टापोने त्यांना दोनदा पकडले. उपजीविकेसाठी त्यांनी टोपणनावाने लेखन केले. एवढेच नव्हे, तर त्याच राजवटीच्या चित्रपट कंपनीसाठी ‘म्युन्शहाउझेन’ची पटकथाही लिहिली. या वर्तनाला शौर्य म्हणता येणार नाही. ज्या महाकादंबरीसाठी साक्षी राहावयाचे होते, तीही त्यांच्या हातून लिहून झाली नाही. परंतु हुकूमशाहीखाली जगलेल्या माणसाचा न्याय करताना सुरक्षित अंतरावरून कठोर होणे सोपे असते, हेही विसरून चालणार नाही. त्यांचे जिवलग मित्र, चित्रकार एरिख ओझर यांनी राजवटीविरुद्ध बोलल्याच्या आरोपावरून अटक झाल्यावर १९४४ साली तुरुंगातच आत्महत्या केली. बोलण्याची किंमत ती होती.

याहून अस्वस्थ करणारी एक हकीकत आहे. १९३१ साली ‘एमिल’वर बोलपट निघाला होता. त्यात एमिल झालेला रोल्फ वेंकहाउस आणि डीन्स्टाग झालेला हान्स लोर हे दोघेही पुढे हिटलरच्या सैन्यात गेले आणि १९४२ साली युद्धात मारले गेले. ज्या पिढीने एमिलच्या मित्रांचे कौतुक केले, तिच्यातील कित्येक मुले गणवेष चढवून दुसऱ्यांचे देश तुडवीत गेली. मग त्या पुस्तकाने काय साधले, असा प्रश्न कोणीही विचारील.

युद्धानंतर केस्टनर यांनी या प्रश्नाकडे पाठ फिरविली नाही. म्युनिकमध्ये वृत्तपत्राचा वाङ्मयविभाग सांभाळताना त्यांनी तरुणांसाठी मासिक चालविले आणि १९४९ साली ‘प्राण्यांची परिषद’ या पुस्तकात शांततेचा प्रश्न मुलांपुढे मांडला. १९६० साली त्यांना हान्स ख्रिश्चन अँडरसन पारितोषिक मिळाले. अण्वस्त्रांच्या विरोधात ते उघडपणे उभे राहिले. २९ जुलै १९७४ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

पुस्तक एकटे कोणालाही वाचवू शकत नाही, हा या चरित्राचा पहिला धडा होय. शाळा, वर्तमानपत्र आणि सभा ही सारी एकाच सुरात ओरडू लागली म्हणजे कपाटातील एका कादंबरीचा आवाज ऐकू येत नाही. परंतु दुसरा धडाही तितकाच खरा आहे. शंभर माणसे ओरडत आहेत म्हणून समोरचा गुन्हेगार ठरत नाही, टाचणीचे भोक दाखवावे लागते, ही न्यायबुद्धी चांगली रहस्यकथा मुलाच्या अंगी खेळता खेळता बाणविते. ऑपेरा चौकातील विद्यार्थ्यांजवळ पदव्यांची वाण नव्हती; वाण होती ती पुरावा मागण्याच्या सवयीची. म्हणून वर्गात एखादा मुलगा बाकाखाली रहस्यकथा वाचताना सापडला, तर शिक्षकाने ती जप्त करण्यापूर्वी चोर कोणता, हे तू कशावरून ठरविलेस, एवढे त्याला अवश्य विचारावे.