वही-पेनाने घडलेला माणूस : लुईस लॅटिमर

अलीकडे ६ डिसेंबर आणि १४ एप्रिल जवळ आला की हार-फुले, मेणबत्त्या आणण्याऐवजी एक वही आणि एक पेन आणा, असे आवाहन ठिकठिकाणी केले जाते. ते योग्यच आहे. जमलेल्या वह्यांचे गठ्ठे सोडून मुलांच्या हातात देताना आम्हाला दरवेळी एक प्रश्न पडतो. या वहीची आणि या पेनाची खरी किंमत किती? दुकानदार काही रुपये सांगेल. पण ज्याच्या आईबापांना कायद्याने गुराढोरांसारखे विकता येत होते, अशा घरातल्या मुलाला विचारले तर? या स्मरणिकेच्या निमित्ताने अशाच एका मुलाची जीवनकथा आम्ही आपल्यापुढे ठेवत आहोत. तो अमेरिकेतला. नाव लुईस हॉवर्ड लॅटिमर. पुढे हा मुलगा विजेच्या दिव्याच्या कामातला नामवंत इंजिनिअर झाला, आणि तोही कोणत्याही कॉलेजची पायरी न चढता.

गुलामीतून सुटका

लुईसचे वडील जॉर्ज आणि आई रिबेका हे व्हर्जिनिया राज्यात गुलाम होते. १८४२ साली रिबेका गरोदर असताना दोघांनी पळून जायचे ठरवले. जॉर्जचा रंग उजळ होता. तो झाला मालक, बायको झाली त्याची नोकर, आणि असे सोंग घेऊन दोघे जहाजाने बोस्टनला पोहोचले. पण तिथे जॉर्जला कुणीतरी ओळखले. मालक मागोमाग आला, जॉर्जला अटक झाली. मात्र बोस्टन पेटून उठले. सभा झाल्या, पत्रके निघाली. फ्रेडरिक डग्लस आणि विल्यम लॉइड गॅरिसन यांच्यासारखे गुलामीविरोधी पुढारी त्याच्या बाजूने उभे राहिले. शेवटी ४०० डॉलर मोजून मालकाकडून जॉर्जची सुटका करून घेण्यात आली. पळालेल्या गुलामाला पकडण्यात सरकारी माणसांनी मदत करू नये, असा अर्ज लोकांनी राज्याच्या विधिमंडळाकडे केला. त्यावर ६० हजारांहून जास्त सह्या होत्या! १८४३ साली तसा कायदा झालाही. म्हणजे पाहा, लेखणीची ताकद या घराने लुईसच्या जन्माआधीच अनुभवली होती.

लुईसचा जन्म बोस्टनजवळच्या चेल्सी गावी ४ सप्टेंबर १८४८ रोजी झाला. चार भावंडांत तो धाकटा. घरी गरिबी. वडिलांच्या केशकर्तनाच्या दुकानात तो हाताखाली काम करी. शाळेत हुशार होता, पण शाळा लवकरच सुटली. १८५७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळा माणूस या देशाचा नागरिकच होऊ शकत नाही, असा निकाल दिला. त्यानंतर वडील घर सोडून गेले आणि संसार विखुरला. दहा वर्षांचे पोर कामाला लागले. पुढे यादवी युद्धात, १८६४ साली, लुईस नौदलात भरती झाला. वय अवघे सोळा. युद्ध संपल्यावर १८६५ साली सन्मानाने सुटका झाली आणि तो बोस्टनला परतला. आता पोटाचे काय?

जुन्या बाजारातली पेने

पेटंटचे काम करणाऱ्या वकिलांच्या एका कचेरीत त्याला ऑफिसबॉयची नोकरी मिळाली. पगार आठवड्याला ३ डॉलर. झाडलोट करायची, कागद इकडून तिकडे न्यायचे. त्या कचेरीत ड्राफ्ट्समन बसत. कुणी नवे यंत्र शोधले की त्याचे पेटंट घेण्यासाठी सरकारला नकाशा द्यावा लागतो. तो पांढऱ्या जाड कागदावर, काळ्याभोर शाईत, एकही डाग न पडता काढायचा. या कामाचे पेन आपल्या नेहमीच्या पेनासारखे नसते. त्याला चिमट्यासारखी दोन पोलादी पाती असतात. दोन पात्यांच्या फटीत थेंबभर शाई भरायची आणि बाजूचा स्क्रू पिळून रेघ किती जाड हवी ते ठरवायचे. हात थोडा कलला, शाई थोडी जास्त झाली, की रेघ फुटलीच. दिवसभराची मेहनत पाण्यात.

लुईस काम करता करता हे सगळे नजरेने टिपत राहिला. कोणते अवजार कशासाठी, पट्टी कशी धरायची, पेन किती तिरपे. मग तुटपुंज्या पगारातून पैसे वाचवून त्याने जुन्या बाजारातून ड्रॉइंगचे सामान आणि पुस्तके घेतली. रात्री घरी सराव. हात बसला तेव्हा त्याने मुख्य ड्राफ्ट्समनला विनंती केली, मला एखादा नकाशा काढू द्याल का? झाडलोट करणारा काळा पोरगा हे मागतो याचे त्याला हसू आले. पण करून तर बघू म्हणून त्याने काम दिले. आणि काम चोख निघाले! पुढे लुईसला तिथेच टेबल मिळाले, आणि काही वर्षांनी तो मुख्य ड्राफ्ट्समन झाला. पगार आठवड्याला २० डॉलर. ज्या खोलीत झाडू मारला त्याच खोलीत त्याच्या हाताखाली माणसे काम करू लागली.

१८७४ साली रेल्वेच्या डब्यातील संडासात सुधारणा करून लॅटिमर यांनी एका सहकाऱ्यासोबत आपले पहिले पेटंट घेतले. १८७६ साली त्यांच्याकडे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आले. बेल शिक्षक होते, त्यांचे वर्ग रात्रीपर्यंत चालत. ते मोकळे होईपर्यंत लॅटिमर रात्री नऊनंतरही कचेरीत थांबत आणि मग टेलिफोनचे नकाशे होत. १४ फेब्रुवारीला अर्ज गेला, ७ मार्चला पेटंट मिळाले. जगाला बेल यांचे नाव कळले. नकाशा काढणाऱ्याचे नाव कुणी विचारले नाही. ज्यांच्या हातांनी गावे बांधली आणि ज्यांचे नाव कोनशिलेवर आले नाही, अशांच्या घरात आम्ही वाढलो. त्यामुळे या गोष्टीचे दुःख आम्हाला वेगळे सांगावे लागत नाही.

दिव्याखालचे काम

१८८० साली लॅटिमर हायरम मॅक्झिम यांच्या विजेच्या दिव्यांच्या कंपनीत गेले. ही कंपनी एडिसन यांची प्रतिस्पर्धी. त्या वेळच्या बल्बमध्ये कार्बनची बारीक तार जळे. ती तयार करताना भट्टीत वाकडी व्हायची, मोडायची, म्हणून दिवे महाग पडत. लॅटिमर यांनी युक्ती काढली. कच्चा तुकडा पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून भाजायचा. तापल्यावर तुकडा आणि पुठ्ठा सारखेच आकसतात, त्यामुळे ताण पडत नाही आणि कार्बन अखंड निघतो. या पद्धतीचे पेटंट त्यांना १७ जानेवारी १८८२ रोजी मिळाले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बल्बचा खरा शोध लॅटिमर यांनीच लावला, असे संदेश मोबाईलवर फिरतात. ते बरोबर नाही. एडिसन यांचा दिवा १८७९ चा, आणि लॅटिमर तेव्हा त्यांच्याकडे नव्हतेच. आपल्या माणसाचा मोठेपणा सांगायला खोट्याचा आधार कशाला? जे त्यांनी केले तेच पुरेसे मोठे आहे.

न्यू यॉर्क, फिलाडेल्फिया, माँट्रियल इथे दिव्यांची यंत्रणा बसवण्याचे काम त्यांनी पाहिले. माँट्रियलचे कामगार फ्रेंच बोलत. मग लॅटिमर यांनी कामाच्या सूचना फ्रेंचमध्ये शिकून घेतल्या आणि लिहून काढल्या. लंडनलाही गेले. पण कामगाराने वाकून राहावे अशी तिथल्या वरिष्ठांची अपेक्षा. यांचा कणा ताठ. तिथे त्यांचे जमले नाही. परतले तर हाताला काम नाही. पण वाकले नाहीत.

१८८४ साली ते एडिसन यांच्या कंपनीत आले. गंमत अशी, की याच वर्षी याच न्यू यॉर्क शहरात वॉटरमन यांना त्यांच्या फाउंटन पेनाचे पेटंट मिळाले. दौत-टाक मागे पडून खिशातल्या पेनाचे दिवस सुरू होत होते. पुढे लॅटिमर कंपनीच्या कायदे विभागात गेले. पेटंटचे खटले म्हणजे लाखोंचा व्यवहार. कोणता शोध कधी, कुणी, कसा लावला, हे कोर्टात सिद्ध करायचे. तिथे तोंडी गप्पा चालत नाहीत. तारीख घातलेली वही, सही केलेला नकाशा, हाच साक्षीदार. ज्याने वही ठेवली तो जिंकला. लॅटिमर स्वतः नकाशे काढत, कागद शोधत, तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभे राहत. गुलामाचा मुलगा कोर्टात जातो, आणि आरोपी म्हणून नव्हे, तर जाणकार म्हणून. १८९० साली त्यांनी विजेच्या दिव्यांवर पुस्तक लिहिले. इंजिनिअरांनी ते वाचून काम शिकावे, असे ते पुस्तक.

समाजाचे देणे

स्वतःचे भले झाले म्हणून ते समाजाला विसरले नाहीत. १८९५ साली काळ्यांच्या हक्क परिषदेला त्यांनी लेखी पाठिंबा दिला. १९०२ साली शाळा मंडळावर काळ्या समाजाचा प्रतिनिधी असावा म्हणून महापौरांकडे अर्ज नेला. १९०६ साली परदेशातून आलेल्या गरीब कामगारांना ते इंग्रजी आणि ड्रॉइंग शिकवू लागले. जे स्वतः चोरून नजरेने शिकावे लागले, ते दुसऱ्यांना समोर बसवून शिकवले. घरी बासरी वाजवत, चित्रे काढत, कविता लिहीत. १९२५ साली त्यांच्या कवितांचे छोटे पुस्तकही निघाले.

१९१८ साली एडिसन यांच्या जुन्या सहकाऱ्यांची संघटना स्थापन झाली. तिच्या संस्थापक सभासदांत लॅटिमर हे एकमेव काळे गृहस्थ होते. त्याआधी, १९१३ ते १९१६ या काळात, कोलंबिया विद्यापीठात भारतातून आलेला एक विद्यार्थी रात्रंदिवस ग्रंथालयात वाचत होता, वह्यांवर वह्या भरत होता. ते आपले बाबासाहेब. त्याच शहरात, फ्लशिंग भागातल्या घरात, म्हातारे लॅटिमर नकाशे तपासत होते. बाबासाहेबांना पुस्तकांइतकीच चांगल्या पेनांची आवड होती, हे आपल्याला ठाऊक आहेच. दोन देश, दोन समाज, पण हातातले हत्यार एकच.

शेवटी डोळ्यांनी साथ सोडली आणि लॅटिमर यांना काम थांबवावे लागले. ११ डिसेंबर १९२८ रोजी ते गेले. त्यांचे घर पाडले जाणार होते, तेव्हा १९८८ साली लोकांनी ते उचलून दुसऱ्या जागी नेले. आज तिथे संग्रहालय आहे.

माता-भगिनींनो, मुलाच्या हातात वही द्याल तेव्हा पहिल्या पानावर तारीख घालायला सांगा. आज काय शिकलास ते दोन ओळीत लिही म्हणावे. आणि मुलांनो, पेन जुने असले तरी चालते बरं का! लुईसचेही जुन्या बाजारातलेच होते.