प्रा. गॅरी किल्डॉल : एक विस्मृत संगणकाचार्य

आमच्या ज्ञातीतील कितीतरी घरांतील मुलेमुली आज संगणकाच्या व्यवसायात आहेत. त्या क्षेत्रातील धनाढ्यांची नावे त्यांना मुखोद्गत असतात, प्रा. किल्डॉल यांचे नाव मात्र क्वचितच कोणाच्या तोंडी येते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्यांचे अल्प चरित्र देण्याचे आम्ही योजिले आहे.

त्यांचा जन्म अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे १९ मे १९४२ रोजी झाला. घराण्याचा व्यवसाय विद्यादानाचाच. वडील नौकानयनाची शाळा चालवीत व तेथे तरुणपणी त्यांनीही शिकविले. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात गणित शिकावयास गेले असता संगणकाने त्यांस जे वेड लावले ते कायमचे. सक्तीच्या लष्करी सेवेचा प्रश्न उद्भवला तेव्हा ते आरमारात दाखल झाले आणि कॅलिफोर्नियातील माँटरे येथे नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात अध्यापक झाले. १९७२ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

त्या सुमारास इंटेल कंपनीने नखाएवढ्या तुकड्यावर संगणकाचा मेंदू बसविला होता. पुष्कळांस ते यंत्रे चालविण्याचे एक साधन वाटले. किल्डॉल यांस त्यात घरोघरचा संगणक दिसला. इंटेलचे सल्लागार म्हणून त्यांनी त्याकरिता पीएल/एम ही भाषा रचिली आणि १९७४ साली चकतीवरील माहितीची व्यवस्था पाहणारी सीपी/एम ही प्रणाली सिद्ध केली. इंटेलला तिचे अगत्य वाटले नाही! तेव्हा पत्नी डोरोथी यांच्यासह त्यांनी स्वतःच कंपनी काढिली. तीच पुढे डिजिटल रिसर्च या नावाने प्रसिद्धीस आली. यंत्रागणिक बदलणारा भाग त्यांनी निराळा काढून त्यास बायॉस हे नाव दिले. जाते तेच, खुंटा तेवढा घरोघरचा वेगळा, असा हा प्रकार. यामुळेच निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकच प्रणाली चालू लागली.

१९८० साली आयबीएमचे प्रतिनिधी पॅसिफिक ग्रोव्ह येथे आले. त्या दिवशी किल्डॉल विमान उडविण्याची मौज करीत राहिले व लक्ष्मी दारातून परत गेली, अशी दंतकथा आहे. आम्हांस ती अन्यायाची वाटते. ते स्वतःचे विमान घेऊन एका ग्राहकाकडे कामासाठीच गेले होते. घरी डोरोथीबाईंनी गुप्ततेचा एकतर्फी करार सही करण्यास काचकूच केली, आणि तसे करण्यात त्यांची काही चूक होती असे आम्ही म्हणणार नाही. करार मायक्रोसॉफ्टकडे गेला. त्या कंपनीने विकत घेऊन पुरविलेल्या प्रणालीची घडण सीपी/एमच्या धर्तीवर होती. किल्डॉल यांनी तक्रार केल्यावर आयबीएमने दोन्ही प्रणाली विकण्याचे मान्य केले. परंतु एकीचे मूल्य ४० डॉलर व यांचीचे २४०! ग्राहकाने काय घेतले हे सांगावयास नको.

पुढे त्यांनी दूरचित्रवाणीवरून संगणकविद्येचा प्रसार केला आणि १९८५ साली संपूर्ण ज्ञानकोश एका चकतीवर आणण्याच्या उपक्रमात पुढाकार घेतला. १९९१ साली डिजिटल रिसर्च नॉव्हेल कंपनीस विकली गेली. द्रव्याची त्यांस ददात नव्हती. सल होता तो निराळाच. १९९२ मध्ये त्यांच्याच विद्यापीठातील संगणकविभागाच्या रौप्यमहोत्सवास प्रमुख वक्ते म्हणून बिल गेट्स यांस पाचारण झाले आणि त्या विभागाचा हा डॉक्टर निमंत्रितांत बसावयाचा! ते शल्य मनात ठेवून त्यांनी आत्मचरित्र लिहावयास घेतले.

११ जुलै १९९४ रोजी, डोक्यास झालेल्या दुखापतीनंतर, वयाच्या ५२ व्या वर्षी ते निवर्तले. २०१४ साली पॅसिफिक ग्रोव्ह येथील त्यांच्या जुन्या कचेरीपाशी विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेने स्मृतिफलक बसविला. आत्मचरित्राचा आरंभीचा भाग २०१६ साली कुटुंबीयांच्या संमतीने प्रकाशात आला.