हार्वी वॉशिंग्टन वायली

हार्वी वॉशिंग्टन वायली (१८ ऑक्टोबर, १८४४ – ३० जून, १९३०) हे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ होते. १८८३ ते १९१२ या काळात ते अमेरिकेच्या कृषी विभागाचे मुख्य रसायनतज्ज्ञ होते. भेसळयुक्त अन्न आणि खोट्या लेबलांखाली विकली जाणारी औषधे यांना आळा घालणारा १९०६चा शुद्ध अन्न व औषध कायदा संमत होण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

सुरुवातीचे जीवन

वायली यांचा जन्म इंडियाना राज्यातील केंट गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. अमेरिकी यादवी युद्धात १८६४ मध्ये त्यांनी पायदळात काही काळ सेवा केली. हॅनोव्हर कॉलेजातून १८६७ मध्ये पदवी घेतल्यावर १८७१ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली. तथापि पुढे ते रसायनशास्त्राकडे वळले. १८७४ मध्ये ते पर्ड्यू विद्यापीठात रसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. १८७८ मध्ये त्यांनी जर्मनीत अभ्यास केला. परतल्यावर त्यांनी बाजारातील साखर व पाक यांतील भेसळीचे पृथक्करण केले.

पेटंट औषधे आणि १९०६चा कायदा

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पेटंट औषधांचा व्यापार फोफावला होता. यांतील बहुतेक औषधांना प्रत्यक्षात पेटंट नसे. त्यांचे नाव नोंदलेले आणि घटक गुप्त असत. अनेक औषधांत मद्यार्क, अफू, मॉर्फीन किंवा कोकेन असे. रडणाऱ्या तान्ह्या मुलांना शांत करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरपमध्ये मॉर्फीन होते. पण लेबलावर त्याचा उल्लेख नसल्याने आपण मुलाला काय पाजतो आहोत, हे आईला कळण्याचा मार्ग नव्हता.

वायली यांचा स्वतःचा ओढा औषधांपेक्षा अन्नातील भेसळीकडे अधिक होता. १९०२ मध्ये त्यांनी तरुण स्वयंसेवकांना बोरॅक्ससारखी परिरक्षके मिसळलेले अन्न देऊन त्यांचे परिणाम तपासले. हा गट विषपथक या नावाने प्रसिद्ध झाला. औषधांच्या तपासणीसाठी त्यांच्या विभागात लायमन केबलर यांच्या हाताखाली स्वतंत्र प्रयोगशाळा होती. १९०५ मध्ये सॅम्युएल हॉपकिन्स अॅडम्स यांनी कॉलियर्स साप्ताहिकातील लेखमालेतून पेटंट औषधांचा फोलपणा उघड केला आणि लोकमत तापले. ३० जून, १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली.

या कायद्याने औषधांवर सरसकट बंदी घातली नाही. मद्यार्क, अफू, मॉर्फीन, कोकेन, हेरॉइन इत्यादी ठरावीक द्रव्यांचे प्रमाण लेबलावर छापणे मात्र बंधनकारक झाले आणि खोटे लेबल लावणे गुन्हा ठरला.

अंमलबजावणी आणि मर्यादा

औषधांसंबंधी कलमांखालील पहिला गाजलेला खटला १९०८ मध्ये वॉशिंग्टन येथे कफॉरहेडेक ब्रेन-फूड या डोकेदुखीवरील औषधाविरुद्ध चालला. त्यात अॅसिटॅनिलाइड हे घातक द्रव्य असूनही ते निर्धोक असल्याचा दावा केला जात होता. उत्पादक दोषी ठरला व त्याला ७०० डॉलर दंड झाला.

१९११ मध्ये कर्करोगावरील एका तथाकथित उपचाराच्या खटल्यात (अमेरिका विरुद्ध जॉन्सन) सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा अर्थ संकुचित केला. खोट्या लेबलाची तरतूद औषधातील घटकांविषयीच्या विधानांना लागू होते, रोग बरा होण्याच्या दाव्यांना नाही, असा बहुमताचा निर्णय होता. ही उणीव भरून काढण्यासाठी १९१२ मध्ये शर्ली दुरुस्ती करण्यात आली. तिच्यानुसार गुणकारितेचा खोटा दावाही गुन्हा ठरला. परंतु फसवणुकीचा हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर आली आणि अनेक विक्रेते त्यातून सुटले.

उत्तरायुष्य

वरिष्ठांशी झालेल्या मतभेदांमुळे वायली यांनी मार्च १९१२ मध्ये राजीनामा दिला. त्यानंतर गुड हाउसकीपिंग मासिकाच्या प्रयोगशाळेत काम करीत त्यांनी ग्राहकांसाठी लेखन केले. १९११ मध्ये त्यांनी स्त्री-मताधिकाराच्या कार्यकर्त्या अॅना केल्टन यांच्याशी विवाह केला होता. कायद्यावरील स्वाक्षरीला बरोबर २४ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा

वायली यांचा विभाग हा आजच्या अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाचा पूर्वज मानला जातो. १९३७ मध्ये एलिक्सिर सल्फानिलामाइड या विषारी औषधाने शंभराहून अधिक बळी घेतले. तेव्हाही सरकारला ते जप्त करता आले ते केवळ लेबलाच्या आधारे: एलिक्सिर म्हणजे मद्यार्कयुक्त औषध आणि त्यात मद्यार्क नव्हता. या दुर्घटनेनंतर १९३८ मध्ये नवा कायदा आला आणि नवे औषध विक्रीस आणण्यापूर्वी त्याची सुरक्षितता दाखवणे उत्पादकांना बंधनकारक झाले. १९०६च्या कायद्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १९५६ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने वायली यांचे चित्र असलेले तिकीट प्रसिद्ध केले.