‘काळ’कर्त्यांचा जामीन

व्यापारी मनुष्यास जामीन आणि अनामत या शब्दांचा अर्थ समजावून सांगावयास नको. गाळा घ्यावयाचा तर अनामत, ठेका घ्यावयाचा तर अनामत. आणि ती रक्कम अडकून पडली म्हणजे धंद्यातील खेळते भांडवल तितके आटते, हे अंधेरीचा वा घाटकोपरचा कोणताही दुकानदार बोटांवर मोजून दाखवील. याच साध्या व्यवहारी हत्याराने एके काळी महाराष्ट्रातील एक अत्यंत तेजस्वी लेखणी बंद पाडली होती. शिवराम महादेव परांजपे यांस राजद्रोहाबद्दल तुरुंगवास झाला, ही गोष्ट अनेकांस ठाऊक असते. त्यांचे ‘काळ’ पत्र तुरुंगवासातूनही वाचले आणि पुढे जामिनाने मारले, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांच्या स्मरणात उरली आहे. म्हणून त्यांचे चरित्र आज थोडक्यात वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते.

शिवरामपंतांचा जन्म २७ जून १८६४ रोजी महाड येथे झाला. रायगडाच्या छायेतील गाव, त्यामुळे मराठ्यांच्या इतिहासाचा संस्कार त्यांच्यावर बाळपणीच झाला असल्यास नवल नाही. शिक्षण रत्नागिरीस व पुण्यास झाले. चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांनी चालविलेल्या न्यू इंग्लिश स्कुलाची हवा त्यांस लाभली. संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली, पुढे एम्. ए. झाले, आणि पुण्याच्या महाराष्ट्र कॉलेजात संस्कृताचे अध्यापक झाले. अशा विद्वानाने कालिदास व बाणभट्ट शिकवीत सुखाने आयुष्य काढावे, हाच त्या काळचा सरळ मार्ग होता. तो त्यांनी सोडला, आणि सोडण्यास मुहूर्तही असा निवडला की शहाण्या माणसाने त्यांस वेड्यातच काढावे.

१८९७ हे साल महाराष्ट्रास फार कठीण गेले. प्लेग, दुष्काळ, रँड साहेबांचा खून, आणि त्यामागून टिळकांस झालेली दीड वर्षाची शिक्षा! त्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी सरकारविषयीची अप्रीती म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावला. प्रीती नाही म्हणून शिक्षा व्हावयाची असेल तर निम्मे संसार फौजदारी कोर्टात उभे करावे लागतील. परंतु ते असो. पुढल्याच वर्षी दंडविधानाचे १२४-अ हे कलम अधिक व्यापक करण्यात आले आणि द्वेष, तुच्छता, बेइमानी हे सारे त्यात आले. टिळक अद्याप तुरुंगात असताना, २५ मार्च १८९८ रोजी शिवरामपंतांनी पुण्यास ‘काळ’ हे साप्ताहिक सुरू केले.

उघड लिहिता येत नव्हते, तेव्हा त्यांनी व्याजोक्तीचा आश्रय केला. राज्यकर्त्यांची स्तुती अशी करावयाची की ती वाचताना वाचकाचे रक्त तापावे. लेख इटलीवर वा प्राचीन ग्रीसवर असावा, शिवकालावर असावा, आणि वाचणाऱ्याने त्यात आपल्याच दाराची कडी वाजलेली ऐकावी. संस्कृत अलंकारशास्त्र कोळून प्यालेल्या पंडिताने राजकारणासाठी केलेला त्या शास्त्राचा असा उपयोग मराठीत पूर्वी झाला नव्हता. नाशिककडील तरुण विनायक सावरकर ‘काळा’च्या अंकांवर वाढले, आणि त्यांच्यासारखे कितीतरी. शिवरामपंतांच्या सर्वच मतांशी आमचा मेळ बसतो असे नाही. पूर्ववैभवाचे त्यांचे वर्णन कधी कधी विवेकाच्या पुढे धावते, आणि त्या वैभवात कोणाकोणास वाटा नव्हता याचा हिशेब आगरकरांनी जितक्या कठोरपणे मांडला तितका त्यांनी मांडलेला आम्हांस दिसत नाही. परंतु ज्याशी आपला मतभेद आहे त्याच्या लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न आला म्हणजेच आपली खरी परीक्षा होते.

व्याजोक्तीची एक मौज अशी की सरकारास ती समजते, पण पकडता येत नाही. शब्द पाहावे तर स्तुतीचे; मग आरोपपत्रात लिहावयाचे काय? म्हणून बरीच वर्षे ‘काळ’ निभावला. १९०८ मध्ये तो आडोसा संपला. एप्रिलच्या ३० तारखेस मुझफ्फरपूर येथे बाँब पडून दोन इंग्रज स्त्रिया मृत्यू पावल्या, आणि त्या प्रकरणावर लिहिणाऱ्या मराठी पत्रांवर सरकारचा रोख वळला. शिवरामपंतांस पकडून मुंबईस आणले. त्यांच्या बचावास साहाय्य करण्यासाठी टिळक मुंबईत येऊन सरदारगृहात उतरले असता, २४ जून रोजी त्यांसही तेथेच अटक झाली. ८ जुलै रोजी हायकोर्टाने शिवरामपंतांस १९ महिन्यांची शिक्षा दिली. दोन आठवड्यांनी टिळकांस सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि ते मंडालेस गेले. गिरणीकामगारांनी सहा दिवस संप केला, लष्कराच्या गोळीबारात माणसे पडली. टिळकांच्या खटल्यातील ज्यूरीच्या नऊ गृहस्थांत सात युरोपियन व दोन पारशी होते. ज्या लेखांसाठी शिक्षा व्हावयाची ते मराठीत, आणि ते तोलणाऱ्यांपुढे होते इंग्रजी भाषांतर! व्याजोक्तीचे भाषांतर झाले म्हणजे तिचे काय उरते, हे ज्याने एखादा विनोद दुसऱ्या भाषेत सांगून पाहिला असेल त्यास विचारावे.

तेव्हा अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यातील गावे होती; मुंबईचे उपनगर हा जिल्हा १९२० मध्ये झाला. आज तेथून निघालेला वाचक फोर्टात उतरतो आणि हायकोर्टाच्या त्याच दगडी इमारतीवरून जातो. टिळकांच्या खटल्याचा फलक तेथे १९५६ मध्ये न्यायमूर्ती छगला यांच्या हस्ते लागला, हे उचितच झाले. त्या मोठ्या खटल्याच्या सावलीत धाकटा खटला झाकला गेला, हेही स्वाभाविक आहे.

शिवरामपंत शिक्षा भोगून बाहेर आले, तेव्हा ‘काळ’ जिवंत होता. येथपर्यंत जे झाले त्यात निदान आरोपी होता, वकील होता, उघडे न्यायालय होते, बाहेर गर्दी होती. अन्याय झाला, पण तो चारचौघांत झाला. फेब्रुवारी १९१० मध्ये जो प्रेस ॲक्ट झाला त्याने ही सारी कटकट सरकारपुरती मिटविली. चालू छापखान्याच्या मालकाकडे सरकारने नुसती मागणी करावी आणि त्याने ५०० पासून ५,००० रुपयांपर्यंत जामीन आणून ठेवावा. आक्षेपार्ह काही छापले असे सरकारास वाटले की ती रक्कम जप्त. पुन्हा छापखाना चालवावयाचा तर १,००० पासून १०,००० पर्यंत नवा जामीन. आणि तिसऱ्या वेळी जामिनासह यंत्रेही जप्त होऊ शकत. जप्तीविरुद्ध हायकोर्टाकडे जाता येत असे. परंतु जामीन मागितला म्हणून दाद मागण्याची सोय कायद्यात नव्हती. त्या दिवसांत पाच हजार रुपये म्हणजे काय, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

या कायद्याची खरी करामत पाहावयाची असेल तर छापखान्याच्या मालकाच्या जागी क्षणभर उभे राहावे. तो लग्नपत्रिका छापतो, पंचांगे छापतो, व्यापाऱ्यांच्या पावत्या छापतो. कारागिरांचे पगार त्यास द्यावयाचे असतात. एका संपादकाच्या एका लेखापायी हे सारे पणास लावण्यास तो धजेल काय? सरकारास तपासनीस नेमण्याचे कारणच उरले नाही. प्रत्येक छापखानेवाला स्वतःच्या खर्चाने तपासनीस झाला. ‘काळा’कडे जबर जामीन मागण्यात आला आणि १९१० मध्ये ते पत्र बंद पडले. त्यासाठी कोठे संप झाला नाही, की कोठे गोळीबार झाला नाही. एक साप्ताहिक येईनासे झाले, इतकेच.

एवढ्यावरही समाधान झाले नाही. ‘काळा’तील निवडक निबंधांचे जे खंड निघाले होते तेही सरकारने जप्त केले. ही लाट एकट्या शिवरामपंतांवर आली नव्हती. १९०९ मध्ये बाबाराव सावरकर यांस कवितांच्या एका लहानशा पुस्तकाबद्दल जन्मठेप काळे पाणी झाले. १९१० मध्ये खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर बंदी आली.

पुढली दहा वर्षे हा जन्मजात संपादक पत्रावाचून राहिला. १९२० मध्ये त्यांनी ‘स्वराज्य’ साप्ताहिक काढले. लेखणीने बंडखोर असलेला हा मनुष्य गांधींच्या असहकारितेत शिरला, हे पाहून पुष्कळांस अचंबा वाटला. मुळशीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांच्या जमिनी टाटांच्या धरणाखाली जाऊ लागल्या तेव्हा तेथील सत्याग्रहात भाग घेऊन १९२२ मध्ये ते पुन्हा तुरुंगात गेले. तोवर साठीच्या जवळ आले होते. १९२९ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले आणि त्याच वर्षी २७ सप्टेंबर रोजी ते वारले. निबंधांवरील बंदी मुंबई इलाख्यात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर १९३७ मध्ये उठली. लेखक आठ वर्षांपूर्वीच गेलेला! १९१० मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा तेव्हा ३७ वर्षांचा झाला होता; वाचनाचे त्याचे सर्व कोवळे वय या निबंधांवाचून गेले. १९ महिन्यांची शिक्षा लेखकाने भोगली, आणि पाव शतकाहून अधिक काळाची त्याच्या वाचकांनी.

परकी राज्य होते म्हणून हे झाले, असे म्हणून कोणी सुटका करून घेऊ नये. २६ जून १९७५ पासून स्वराज्यातही पूर्वतपासणी आली. कऱ्हाडच्या संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांस १९७६ मध्ये तुरुंगात जावे लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबई हायकोर्टाने मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकावरील तपासनिसाचे हुकूम रद्द केले. शिवरामपंतांस ज्या कोर्टाने तुरुंगात पाठविले त्याच कोर्टाची ही दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आणीबाणीनंतरच्या चौकशीत असेही उघड झाले की पत्रांची मित्र, तटस्थ व विरोधी अशी प्रतवारी करून त्या मानाने सरकारी जाहिराती दिल्या वा तोडल्या जात होत्या. जामिनाचेच हे धाकटे भावंड.

१२४-अ कलमाचा अंमल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये थांबविला, आणि जुलै २०२४ मध्ये दंडविधानाबरोबर ते कलमही गेले. नव्या न्याय संहितेत १५२ वे कलम आले आहे व त्याच्या व्याप्तीविषयी वाद चालू आहे. त्याकडे लोकांचे लक्ष आहे हे चांगलेच. आम्हांस अधिक काळजी वाटते ती न दिसणाऱ्या हुकमांची. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली मजकूर अडविण्याचे आदेश शासन देते, आणि ते गुप्त ठेवण्याची तरतूद २००९ च्या नियमांतच आहे. लेखन बंद करावयाचे असेल तर आधी उघड्या न्यायालयात कारणे मांडावी आणि लेखकाचे म्हणणे ऐकावे, एवढीच आमची मागणी आहे. ती १९१० मध्ये मान्य झाली असती तर ‘काळा’स निदान एक सुनावणी तरी मिळाली असती.

आमच्या व्यापारी वाचकांस आणखी एक विनंती. आपल्या जाहिरातीवर जगणाऱ्या एखाद्या लहान पत्राने अधिकाऱ्यांची नाराजी ओढवून घेतली, तर दुसऱ्याच दिवशी जाहिरात काढून घेऊ नये. आणि अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर येथील ग्रंथालयांच्या चालकांनी ‘काळा’तील निबंधांचे जे खंड मिळतील ते मिळवून कपाटाच्या वरच्या खणात न ठेवता, येणाऱ्याच्या हातास लागतील अशा जागी ठेवावे.