मूठभर तांदूळ आणि राजाचं बोलावणं



आज सकाळच्या वाचनात गीतेच्या नवव्या अध्यायातला बाविसावा श्लोक आला. योगक्षेमाचा. एलआयसीचं बोधवाक्य याच श्लोकातून घेतलंय, त्यामुळे आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो गीतेच्या आधी पॉलिसीच्या कागदावर भेटलेला असतो. अर्थ सोपा आहे. जे अनन्यभावाने माझी उपासना करतात, त्यांच्याकडे नसलेलं मिळवून देण्याचं आणि असलेलं राखण्याचं ओझं मी वाहतो, असं भगवंत सांगतात.

एरवी मी हा श्लोक वाचून पुढे गेले असते. आज अडकले. कारण फोनमध्ये दोन दिवसांपासून एक मेसेज पडून आहे. आमच्या भजनी मंडळाला एका नव्या गृहप्रकल्पाच्या उद्घाटनाला गायला बोलावलंय. मानधन आम्हाला आजवर मिळालं नाही एवढं. अट एकच, अभंगांच्या मध्ये मालकांचं नाव गुंफून एक नवं पद म्हणायचं. आमच्यात पखवाज वाजवणारा मुलगा अजून शिकतोय, त्याची या महिन्यात फी भरायची आहे. उद्यापर्यंत उत्तर द्यायचंय.

श्लोकावर बोट ठेवून बसले असताना मला त्यागराजस्वामी आठवले. आज त्यांच्याबद्दलच लिहिते.

त्यागराजांचा जन्म 1767 साली तिरुवारूरला झाला असं मानतात. तिथल्या शिवमंदिरातल्या देवाचं नाव त्यागराज, तेच बाळाचं ठेवलं. घर तेलुगू बोलणारं, वडील रामब्रह्मम् रामायणाची कथा सांगणारे. गंमत बघा, मुलाला नाव शिवाचं आणि त्याने आयुष्यभर गायलं मुख्यतः रामाला. लहानपणीच घर तिरुवैयारूला आलं. कावेरीच्या काठचं हे गाव तंजावरपासून फार लांब नाही.

आणि तंजावर म्हणजे आपल्या भोसल्यांचं राज्य! शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तिथे गादी स्थापली. त्यागराज जन्मले तेव्हा तुळजाराजे गादीवर होते. म्हणजे या संताच्या सगळ्या जडणघडणीच्या काळात शेजारच्या राजवाड्यात मराठी बोललं जात होतं.

दरबार संगीतावर मनापासून प्रेम करणारा होता. त्यागराजांचे गुरू सोंठी वेंकटरमणय्या हे स्वतः तिथले मानाचे गायक. म्हणजे त्यागराजांना गाणं मिळालं ते दरबाराच्या आश्रयावर जगलेल्या माणसाकडून. हे मी मुद्दाम लिहितेय. राजाश्रय वाईट आणि गरिबी चांगली, इतकी सोपी ही गोष्ट नाही.

पुढे 1798 मध्ये सरफोजीराजे (दुसरे) गादीवर आले. पुढच्याच वर्षी तह झाला आणि राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, आसपासचा थोडा भाग आणि तनखा उरला. तरी या माणसाने काय काय केलं! सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. गायक, वादक, नर्तक, नट्टुवनार यांना आधार दिला. भरतनाट्यमच्या आजच्या मार्गमला आकार देणारे तंजावरचे चार भाऊ याच दरबारातले.

अशा रसिक राजाचं बोलावणं त्यागराजांच्या दारात आलं, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. दरबारात यावं, राजांच्या गौरवाचं गावं, धन आणि जमीन मिळेल. त्यागराजांनी नम्रपणे नकार दिला. कल्याणी रागातली ‘निधि चाल सुखमा’ ही त्यांची प्रसिद्ध कृती याच प्रसंगाशी जोडली जाते. तिच्यात ते स्वतःच्या मनाला विचारतात की खरं सुख कशात आहे, धनात की रामाच्या सान्निध्यात.

इथपर्यंतची गोष्ट आपण टाळ्या वाजवून ऐकतो. पण त्या घरात एक थोरला भाऊ होता. कथेत तो खलनायक म्हणून येतो. नकार ऐकून तो संतापला आणि त्यागराज ज्यांची रोज पूजा करत त्या राममूर्ती त्याने कावेरीत फेकून दिल्या, असं सांगतात. त्याने केलं ते भयंकरच. पण मला आज पहिल्यांदा त्याचा राग समजला. 1781 मध्ये हैदरअलीच्या स्वारीने हा सगळा प्रदेश उद्ध्वस्त झाला होता. तेव्हा त्यागराज चौदा वर्षांचे असतील. उपासमार काय असते हे त्या पिढीने पाहिलेलं होतं. अशा घरातल्या कुणी दारात आलेलं धान्य परत पाठवलं तर जीव जळणारच.

मूर्ती गेल्यावर त्यागराज सैरभैर झाले. पुढे त्या नदीच्या वाळूत परत सापडल्या आणि त्यांनी त्या पुन्हा घरी आणल्या, अशी कथा आहे. त्यांच्या किती तरी कृतींमध्ये हरवलेल्या रामाला केलेली विनवणी आहे.

मग घर चालायचं कसं? उंछवृत्तीने. आपल्याकडच्या माधुकरीसारखी ही रीत. सकाळी रामाचं नाव गात गल्लीतून फिरायचं, दारादारांतून लोक मूठभर तांदूळ घालायचे, तेवढ्यावर घर आणि घरी राहून शिकणारे शिष्य. म्हणजे बघा, त्यागराज घेत होते! रोज घेत होते, हात पसरून घेत होते. फक्त मूठ घालणारी बाई बदल्यात आपलं नाव गाण्यात घालायला सांगत नव्हती.

मोठ्या देणग्याही त्यांच्याकडे आल्या. मद्रासजवळच्या कोवूरला ते गेले होते. तिथल्या धनिक यजमानाने त्यांचं आतिथ्य केलं आणि त्यागराजांनी आपल्यावर एखादी कृती रचावी अशी इच्छा धरली, असं सांगतात. त्यागराजांनी माणसाची स्तुती टाळली आणि तिथल्या सुंदरेश्वराच्या मंदिरात जाऊन देवावर पाच कृती रचल्या. कोवूर पंचरत्न म्हणून त्या आजही गातात. निघताना यजमानाने गुपचूप पालखीत मोहरा ठेवल्या. वाटेत चोरांची भीती वाटली तेव्हा शिष्यांनी ते उघड केलं आणि पैसे रामनवमीच्या उत्सवासाठी आहेत असं सांगितलं. मग रामाच्या पैशाची काळजी रामच करेल, असं म्हणून ते निश्चिंत झाले. मोहरा फेकून दिल्या नाहीत हं त्यांनी.

त्यांच्या मुलीच्या लग्नात वेंकटरमण भागवतर नावाचा शिष्य रामाचं चित्र घेऊन पायी चालत आला, तेव्हाचा त्यांचा आनंद तर विचारूच नका. याच शिष्याच्या आणि त्याच्यासारख्या इतरांच्या लिहून ठेवण्यामुळे आज त्यांच्या सुमारे सातशे कृती आपल्याकडे उरल्या आहेत.

6 जानेवारी 1847, पौष वद्य पंचमी. शेवटच्या दिवसांत संन्यास घेऊन त्यागराजांनी देह ठेवला. कावेरीकाठी समाधी झाली आणि पुढे तिच्याकडे दुर्लक्षही झालं. ती पुन्हा उभी केली बंगलोर नागरत्नम्मा यांनी. देवदासी परंपरेतली ही मोठी गायिका. तिने स्वतःच्या कमाईतून जागा मिळवली आणि समाधीमंदिर बांधलं. 1925 मध्ये त्याची प्रतिष्ठा झाली. त्या काळी तिथल्या आराधनेत बायकांना गाऊ देत नसत. तिने बायकांची वेगळी आराधना सुरू केली आणि 1940 च्या सुमारास सगळे एकत्र आले. आज पौषातल्या त्या पंचमीला शेकडो गायक-वादक समाधीपुढे बसून नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या रागांतली पंचरत्नं एका सुरात गातात. ज्याने राजाकडून काही घेतलं नाही, त्याचं मंदिर एका गाणारीच्या पैशातून उभं राहिलं.

म्हणून मला वाटतं, योगक्षेम वाहणारे हात आपल्यासारख्यांचेच असतात. कधी गल्लीतल्या बाईचे, कधी पायी येणाऱ्या शिष्याचे, कधी नागरत्नम्मांचे. पैसा कुणाकडून येतो यापेक्षा, तो आल्यावर गाण्याचं तोंड कुणाकडे वळतं, हे त्यागराज बघत होते.

आता माझं. दुपारी मी मेसेजला उत्तर दिलं. आम्ही येऊ, विठ्ठलाचे अभंग मनापासून गाऊ, तुम्ही द्याल ते घेऊ, पण नावाचं पद म्हणणार नाही. उत्तर अजून आलेलं नाही. बहुतेक दुसऱ्या मंडळाला बोलावतील. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू?

पण मग पखवाजवाल्याच्या फीचं काय? नकार माझा आणि झळ त्याला, हे बरोबर नाही. त्या थोरल्या भावाचा राग मला विसरायचा नाहीये. संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलंय, प्रत्येकाने जमेल ती मूठ घालायची. त्याला काही वाटू नये म्हणून यादी करायची नाही, कुणी किती दिले हे विचारायचं नाही. आत्तापर्यंत अर्ध्याहून जास्त जमलेत.

तुमच्या जवळपासही कुणीतरी गाणारं, वाजवणारं, कीर्तन शिकणारं असेल. आज त्याच्या झोळीत एक मूठ घालून बघा. नाव न सांगता.

उद्या तेविसावा श्लोक. भेटू. रामकृष्णहरी!